क्रीम की कनकांबरम

आमच्या घरातली भांडणं जिंकण्यासाठी नसायची, हरण्यासाठी असायची. आई आणि अप्पा आधी आपापला हेका धरून बसत. चार दिवस कोणी कोणाचं ऐकत नसे. मग ऐन वेळी अप्पांना आईची दया यायची आणि ते म्हणायचे, "बरें, तुझेंच होऊं दे." ते ऐकलं की आई लगेच म्हणायची, "नको नको, तुमचेंच होऊं दे. मला काय, अस्के सारखेंच." अस्के म्हणजे सगळे. हा शब्द मी पुढे पुण्यात वापरला तेव्हा लोक हसले होते. तर, आईने असा त्याग केला की तो अप्पांना सोसायचा नाही, आणि मग ते तिच्या बाजूने तिच्याशीच भांडायला लागायचे.

आमचं लोखंडी कपाट, ज्याला तंजावुरात बीरो म्हणतात, ते याच पद्धतीने घरात आलं. आईला दारावर आरसा असलेला बीरो हवा होता. अप्पांच्या मते आरसा म्हणजे उधळपट्टी, आणि वर फुटला की अपशकुन. आठवडाभर वाद चालला आणि मग दोघंही एकाच दिवशी विरघळली. अप्पा म्हणाले आरशाचाच घेऊ, आई म्हणाली बिनआरशाचाच बरा, आणि दोघांनी मिळून दुकानदाराला इतकं पिडलं की त्याने आरसा दाराच्या आतल्या बाजूला बसवून दिला. दोघांनी एकमेकांचं मन राखलं आणि आरसा अंधारात गेला. त्यात तोंड बघायचं तर दार उघडून डांबरगोळ्यांच्या वासात उभं राहावं लागायचं. कॉलेजची सगळी वर्षं मी त्या वासात वेणी घातली. हा राग माझ्या मनात अजून आहे.

आम्ही तंजावूरचे मराठी. किती पिढ्यांपूर्वी इकडे आलो म्हणून विचारलं तर घरातलं प्रत्येक माणूस वेगळा आकडा सांगतं. घरात मराठी, दारात तमिळ, ऑफिसात इंग्रजी आणि राग आला की तिन्ही. देवनागरी आमच्यापैकी कोणालाच धड वाचता येत नव्हती. मी ती लग्नानंतर शिकले, म्हणून आई-अप्पांच्या नकळत हे सगळं लिहायचं धाडस करते आहे.

अप्पा पाटबंधारे खात्यात होते. कावेरीच्या फाट्यांवर, कालव्यांच्या काठी जिथे जिथे सरकारी क्वार्टर्स असतील तिथे आमची बदली व्हायची. गावं बदलायची, भातशेतं तीच, आणि भिंतीही त्याच. खात्याच्या सगळ्या भिंतींना एकच रंग: वर क्रीम आणि खाली कमरेपर्यंत तपकिरी पट्टा. तो पट्टा का, तर आमच्याकडे सगळी माणसं डोक्याला तेल थापून भिंतीला टेकून बसतात आणि डाग पडतात. पण तेलकट डोकी सरकारी पट्ट्याच्या वरच टेकायची, त्यामुळे प्रत्येक क्वार्टरच्या क्रीम भिंतीवर आधीच्या कुटुंबाची डोकी ओळीने उमटलेली असायची. आई म्हणायची, "या घरांत पांच माणसें होतीं, एक बुटकें."

आईला रंगांची फार हौस. ती हौस भागायची कॅलेंडरवर. दिवाळी झाली की ती किराणा दुकानात, औषधाच्या दुकानात स्वतः जाऊन कॅलेंडर निवडायची, देव कोणता ते न बघता, मागचा रंग बघून. वर्ष संपलं तरी कॅलेंडर उतरवायची नाही. आमच्याकडे एकाच भिंतीवर चार वेगवेगळी वर्षं सुखाने नांदत असायची.

एकदा, आमचं बिऱ्हाड पापनाशमहून हलत होतं तेव्हा, सामानाने भरलेल्या लॉरीपाशी उभं राहून अप्पा आईला म्हणाले होते, "आपलें घर होऊं दे. भिंत तुझी. काय कलर पायजे तो लाव." मी तेव्हा लहान होते, हे मला आईने सांगितलं. तेही एकदाच. सांगून झाल्यावर म्हणाली, "विसरले असतील ते."

नव्वदचं दशक निम्मं सरल्यावर, अप्पांची निवृत्ती दिसायला लागल्यावर, आमचं घर झालं. तंजावूरच्या बाहेर, जिथे शहर बस वळसा घेऊन परत फिरते तिथे नवी कॉलनी वसत होती. अजून अर्धे प्लॉट रिकामे, त्यात बकऱ्या. मुहूर्त लवकरचा निघाला म्हणून भिंतींना पांढरा प्रायमर मारलेला असतानाच आम्ही राहायला आलो. ठरलं असं, की उगादीच्या, म्हणजे पाडव्याच्या, आत घर रंगवायचं. आतल्या खोल्यांचं काही नव्हतं, तिथे पांढरा चुना चालणार होता. प्रश्न हॉलचा होता. आणि अप्पांनी त्या लॉरीपाशी दिलेल्या शब्दाची त्यांना आठवण करून द्यायची नाही, असं आईने ठरवलं होतं. मी म्हटलं, मी करून देते. तर म्हणाली, "मागून घेतलें तर काय मजा? तुला कळत नाहीं."

मी तेव्हा बावीस वर्षांची होते, एका कम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते, आणि मला जगातल्या सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं.

रंगाच्या दुकानात दोघांना मीच घेऊन गेले. तोपर्यंत रंगाचं दुकान म्हणजे फळीवर मांडलेले सात-आठ डबे. त्यातला एक निवडायचा, नाहीतर दोन मिसळायचे. आता गावाच्या दक्षिणेकडच्या मोठ्या रस्त्यावर एक काचेचं दुकान उघडलं होतं. आत गार हवा, आणि मधोमध एक यंत्र, जे पांढऱ्या डब्यात थेंब थेंब टाकून हवा तो रंग कालवून देत होतं. दुकानातल्या माणसाने आमच्यापुढे रंगांच्या पट्ट्यांचा पंखा उलगडला. तो उलगडतच राहिला. अप्पा बघत राहिले आणि म्हणाले, "एवढे कलर आहेत म्हणून गव्हर्नमेंटला माहीत आहे का?"

अप्पांना क्रीम हवा होता. तिथे क्रीम नऊ प्रकारचे निघाले. अप्पा पार गोंधळले. शेवटी त्यांनी त्या माणसाला आपल्या ऑफिसचं वर्णन करून सांगितलं आणि त्यातलाच एक क्रीम पसंत केला.

मग आईची पाळी. तिने सगळा पंखा एकदा पुढून आणि एकदा मागून बघितला. मग केसांतल्या गजऱ्यातून एक फूल काढलं आणि काउंटरवर ठेवलं. "हा," ती म्हणाली. "पण दूध घातलेला."

ते फूल होतं कनकांबरम. महाराष्ट्रात ज्याला अबोली म्हणतात ते. आमच्याकडे बायका रंगांना फुलांच्या, फळांच्या, पाखरांच्या नावाने ओळखतात. साडीच्या दुकानात कोणी नारिंगी-गुलाबी असं काही मागत नाही, कनकांबरम मागतात आणि दुकानदार बरोबर तेच गाठोडं खाली काढतो. रंगाच्या दुकानातला माणूस मात्र नव्या जमान्यातला. त्याने फूल पट्ट्यांवर सरकवत सरकवत नेलं आणि एका चौकोनावर थांबवलं. त्याखाली कसल्यातरी पीचचं नाव होतं. "पीच म्हणजे काय?" आईने विचारलं. परदेशातलं फळ आहे, एवढंच त्याला माहीत होतं. खाल्लं आमच्यापैकी कोणीच नव्हतं, त्यानेही नाही. पण रंग तोच होता. आईने बोट ठेवलं ते उचलायलाच तयार नव्हती.

"आधी दोन्हींचे लहान डबे न्या, भिंतीवर लावून बघा," तो माणूस म्हणाला. "मोठा डबा नंतर. मात्र यंत्रात एकदा कालवला की परत घेत नाही."

रंगाऱ्याने, म्हणजे आमच्या मेस्त्रीने, हॉलच्या मोठ्या भिंतीवर दोन पट्टे मारले. डावीकडे क्रीम, उजवीकडे कनकांबरम, दोन्ही दारांएवढे. "चार दिवसांत सांगा," म्हणाला. "उगादीपर्यंत मला आणखी तीन घरं आहेत."

चार दिवसांत आमच्याकडे आमटीला फोडणी कशाची द्यायची तेही ठरत नाही.

अप्पांचे मुद्दे तयार होते. क्रीमवर ट्यूबलाइट जास्त उजळते. क्रीम जगाच्या अंतापर्यंत मिळेल, हा पीच उद्या मिळेल का? क्रीमला कोणी नावं ठेवत नाही. "कनकांबरम केसांत शोभतें, भिंतीवर नाहीं. उद्यां भिंतीला बांगड्या घालशील." येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला ते पट्ट्यांसमोर उभं करून विचारायचे, "कोणता बरा? क्रीम ना?" टपाल द्यायला आलेला माणूससुद्धा सुटला नाही. बिचारा घाईत "क्रीम" म्हणाला आणि निघाला. अप्पांनी ते मत चार दिवस पुरवून खाल्लं.

आई वाद घालायची नाही. तिचं आपलं एकच, "मला काय, अस्के सारखेंच." पण कनकांबरम चांगला म्हणणाऱ्याला कॉफीबरोबर मुरुक्कू, म्हणजे आमच्याकडच्या चकल्या, मिळायचे आणि क्रीम म्हणणाऱ्याला नुसती कॉफी. शेजारची मामी, जी नात्याने कोणी नव्हती, तमिळ होती, पण आमची मराठी सगळी समजायची, तिने हे पहिल्याच दिवशी ओळखलं. त्यानंतर ती रोज येऊन कनकांबरम किती छान म्हणून सांगायची.

आणखी एक गोष्ट झाली. दुपारची कामं आटपली की आई फुलं गुंफायला बसायची. जुन्या सवयीने तिची जागा मागच्या दारात होती, तिथे वारा असतो. पट्टे मारल्यापासून ती हॉलमध्ये, उजव्या पट्ट्यासमोर बसायला लागली. पाठ टेकून नाही, तेल लागेल म्हणून. समोर. हातात नार, म्हणजे केळीच्या खोडाचा धागा, मांडीवर फुलं, आणि मधूनच मान वर करून भिंतीकडे बघणं. काही विशेष बघतेय असंही नाही. एखाद्या घरच्या माणसाकडे बघावं तसं.

एकदा मी क्लासहून लवकर आले तर अप्पांची मोपेड फाटकाशी उभी आणि अप्पा खिडकीशी उभे. चपला काढत होते. चपला काढायला इतका वेळ लागत नाही. मला बघून दचकले आणि उगाचच म्हणाले, "खिडकीची कडी सैल झाली आहे." आत आल्याबरोबर मोठ्या आवाजात क्रीमची बाजू मांडायला लागले.

मला त्यांचा राग आला होता. खरं सांगायचं तर चीडच. आयुष्यभर या बाईने सरकारी भिंतींवर दुसऱ्यांच्या डोक्यांचे डाग मोजले आणि आता एक भिंत मागते आहे, तीही न मागता. बीरोच्या वेळी निदान अप्पा विरघळले तरी होते. या वेळी तेवढंही नाही. जितके दिवस जात होते तितका त्यांचा आवाज चढत होता. मेस्त्री येऊन वऱ्हांड्यात बसायचा, दोन्ही बाजू ऐकायचा, कॉफी प्यायचा आणि जायचा. एके दिवशी म्हणाला, "उद्या संध्याकाळी शेवटचं येतो. नाहीतर मग आडी महिन्यानंतर, आषाढ सरल्यावर." त्यावर मामी म्हणाली, "माणसांना कळत नाही तर अम्मनला विचारा. फूल टाकून बघा."

आमच्याकडे ही रीत आहे. घराण्यात कोणाला ठरवता येईना, स्थळ हे घ्यावं की ते, जमीन विकावी की ठेवावी, की दोन रंगांची फुलं दोन पानांत सारखी बांधायची, पुड्या अम्मनच्या, म्हणजे देवीच्या, पायांशी ठेवायच्या आणि घरातल्या मुलाला एक उचलायला सांगायचं. जे फूल निघेल तो निकाल. महाराष्ट्रात देवाला कौल लावतात, त्यातलाच प्रकार. निकाल लागला की त्यावर अपील नाही. भिंतीच्या रंगासाठी आजवर कोणी अम्मनला तसदी दिली नसेल, पण मामीने हिशेब लगेच जमवला: पांढरी मल्ली, म्हणजे मोगरा, निघाली तर क्रीम, कनकांबरम निघालं तर कनकांबरम. आणि मूल कोण? मूल म्हणजे मी. लग्न झालेलं नाही तोवर मूलच, म्हणाली मामी. कम्प्युटर शिकवत असले तरी.

"चालेल," अप्पा म्हणाले. इतक्या पटकन म्हणाले की सगळ्यांनी वळून बघितलं. "पण फुलें मी आणतों. बाजारावरूनच येतों मी. घरांतलीं बायकांनीं बांधलीं तर उद्यां कोणी म्हणेल, पक्षपात झाला म्हणून."

आई उठून आत गेली. मी तिच्यामागे स्वयंपाकघरात गेले. ती तांदूळ धूत होती, एकदा धुतलेलेच परत. म्हणाली, "यांच्याशीं वाद असता तर आज ना उद्यां काहीं झालें असतें. अम्मनने क्रीम म्हटलें तर मग कधींच नाहीं." तिचे डोळे भरून आले होते आणि ती ते तांदळाच्या पाण्यावर ढकलत होती. एका रंगासाठी आईच्या डोळ्यांत पाणी मी कधी पाहिलं नव्हतं. तिथेच मी ठरवलं की अम्मनने काहीही ठरवलेलं असो, निघणार कनकांबरमच.

माझ्याकडे युक्ती होती. मल्लीला वास असतो, असा की बंद पेटीतून बाहेर येतो. कनकांबरमला वासच नसतो; दिसायला एवढं झगझगीत फूल, पण नाकाला त्याची खबरही नाही. म्हणजे पुडी पानात बांधलेली असली तरी मला कळणार होतं. पाप लागायचं असेल तर लागू दे, मी मनात म्हटलं. आणि दोन्ही पुड्यांना मल्लीचा वास आला, तर अम्मनच्या पुढ्यातच अप्पांना विचारायचं, हे काय आहे म्हणून. कारण फुलं मी आणतो म्हणाले तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. अप्पा दुपारीच घरी आले. जिन्याखाली गोणपाटाने काहीतरी झाकलेलं होतं, त्याला माझा पाय लागला तर तिथूनच ओरडले, "हात लावूं नको! उरलेलें सिमेंट आहे!" मला वाटलं, भांडणाने डोकं फिरलंय. त्यांच्या शर्टाच्या खिशात दोन पुड्या होत्या, केळीच्या पानात बांधलेल्या, वर केळीचीच नार. अगदी जुळ्या.

कॉलनीच्या टोकाला, कालव्याच्या पुलापलीकडे आमची अम्मन. शुक्रवार म्हणून बायकांची गर्दी. पुजाऱ्याने दोन्ही पुड्या ताटात घालून अम्मनच्या पायांशी नेल्या, कापूर ओवाळला आणि ताट माझ्यासमोर धरलं. मी नमस्कारासाठी वाकावं तशी पुरती वाकले आणि नाक पहिल्या पुडीजवळ नेलं. केळीच्या पानाचा ओला वास. दुसऱ्या पुडीजवळ नेलं. तोच वास.

मी पुन्हा हुंगलं. पुजारी म्हणाला, "भक्ती पुरे, उचल."  आजूबाजूला प्रत्येक बाईच्या केसांत मल्ली, वर कापूर, धूप. माझ्या नाकाने ऐन वेळी दगा दिला होता. आई माझ्या शेजारी डोळे गच्च मिटून उभी होती. तिचे ओठ हलत होते. मी नुसत्या अंदाजाने हात पुढे केला आणि डावीकडची पुडी उचलली.

पुजाऱ्याने नार सोडली. पान उघडलं. कनकांबरम.

मी चक्क उडी मारली, देवळात. आईने डोळे उघडले, ताटाकडे बघितलं आणि दोन्ही हातांनी आपल्या गालांवर चापट्या मारत राहिली, आमच्याकडे देवापुढे मारतात तशा, पण जरा जास्तच. मामी म्हणाली, "मी म्हणत होते!" अप्पांनी मोठा सुस्कारा सोडला. "अम्मनचेंच तसें म्हणणें आहे तर आपण कोण?" ते म्हणाले, आणि तोंड असं पाडलं की गावातल्या भजनी मंडळाच्या नाटकातसुद्धा कोणी त्यांना घेतलं नसतं. पण त्या आनंदात मला ते दिसलं नाही. पुजाऱ्याने दुसरी पुडीही कुंकवासकट माझ्या हातात दिली. "हाही प्रसादच."

घरी आलो तर मेस्त्री वऱ्हांड्यात बसलेला. अप्पा त्याच्याशी बोलत उभे राहिले. आई कॉफी टाकायला आत गेली. आज मुरुक्कू सगळ्यांना मिळणार होते. मला वाटलं, आईच्या केसांत नुसतं कनकांबरम कशाला, त्यात थोडी मल्लीही गुंफावी. हरलेल्याचाही मान ठेवावा. म्हणून दुसरी पुडी सोडली.

आत कनकांबरम.

मी पुडी घेऊन स्वयंपाकघरात धावले. "आई! कमाल आहे तुझी! अम्मनलाही फसवलेंस!" असं म्हणत मी दोन्ही पुड्या तिच्यापुढे धरल्या. मला खरंच वाटलं होतं की तिने वाटेत कुठेतरी अदलाबदल केली. आईचा चेहरा पडला. "मी?" ती म्हणाली. "अम्मनपुढे खोटें करीन मी?" दूध उतू चाललं तिकडे तिचं लक्ष नव्हतं. "मी तर पुड्यांना हातही लावला नाहीं. त्यांनीच आणल्या, त्यांच्याच खिशांत…" इथे ती थांबली. मी पण थांबले. दूध उतू गेलं.

आईने गॅस बंद केला, माझ्या हातातून दोन्ही पानं घेतली आणि वऱ्हांड्यात गेली. "हें काय?" तिने अप्पांना विचारलं. "दोन्हींत कनकांबरम कसें?"

अप्पांनी आधी फुलवालीवर ढकललं. म्हणाले, म्हातारी झाली आहे, चुकून बांधलं असेल. मग माझ्याकडे बघितलं, की मी काही मदत करते का. मी कसली करतेय? मेस्त्री टंबलरमध्ये बघत राहिला, त्यात कॉफी नव्हती तरी.

"खरें सांगा."

"खरें काय सांगायचें?" अप्पा चिडूनच बोलले. "अम्मनचा काय भरंवसा? मल्ली निघाली असती तर?"

 मला हसू आलं. इतके दिवस ज्यांच्यावर दात खात होते ते हे अप्पा.

"मग मला सरळ सांगायचें होतें," आई म्हणाली.  "कनकांबरम लाव म्हणून. एवढा गोंधळ कशाला?"

"सांगितलें असतें तर तूं काय म्हणाली असतीस? 'नको नको, तुमचेंच होऊं दे.' मग मी नको म्हटलें असतें, तूं नको म्हटलें असतेंस, आणि त्या बीरोच्या आरशासारखा कलर भिंतीच्या आंत गेला असता!" अप्पांनी धोतराच्या सोग्याने कपाळ पुसलं. "पापनाशमला सांगितलें होतें मी, भिंत तुझी म्हणून. विसरलों नाहीं. तूं घेशील तर ना."

आई बघतच राहिली. मग तिचा चेहरा मऊ झाला, मान एका बाजूला कलली, आणि पुढचं काय येणार ते मला, अप्पांना आणि इतक्या दिवसांत शहाण्या झालेल्या मेस्त्रीलाही कळलं. "एवढें सांगतां," ती म्हणाली, "तर मग अजून काय झालें आहे? क्रीमच…"

अप्पा तिचं वाक्य पुरं व्हायची वाट न बघता जिन्याखाली गेले आणि गोणपाट ओढून काढलं. खाली सिमेंट नव्हतं. चार मोठे डबे होते, प्रत्येकाच्या झाकणावर तोच नारिंगी-गुलाबी ठिपका. आदल्या दिवशीच जाऊन आणले होते त्यांनी, अम्मनला विचारायच्याही आधी.

"आतां नाहीं होत," अप्पा म्हणाले. "कालवून झाला. परत घेत नाहींत."

आई हसायला लागली. पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग तिने दोन्ही पुड्यांतली फुलं एकत्र करून केसांत खोवली, हॉलमध्ये जाऊन भिंतीसमोर उभी राहिली, आणि जन्मात पहिल्यांदा कोणालाही न विचारता हुकूम सोडला.

"मेस्त्री," ती म्हणाली, "आधी तो क्रीमचा पट्टा झाका."